आईच्या साखरेची निळी हकीकत

अमरावती,
आश्विन शुद्ध एकादशी

तीर्थरूप जानरावमामांच्या पायांशी भाचा उत्तम याचे दंडवत. तुमची तब्येत, मामींचा दमा आणि अकोल्याच्या मळ्यातली शेवंती या तिन्हींची खबर कळवावी (दमा सोडून बाकी दोन्ही वाढत्या असाव्यात). इकडे आम्ही सर्व मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुम्हीही ते पद्धत म्हणूनच वाचा.

तुमच्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, साखरेचा आजार निघाला हे मी उन्हाळ्यात कळवलं होतं. त्यावर तुम्ही उलटटपाली लिहिलंत की पोरगा हायस्कुलात विज्ञान शिकवतो, मग डॉक्टरच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या, घरीच बघ. मामा, हे वाक्य तुम्ही लिहायला नको होतं. मास्तराला असं कुणी चढवू नये. मी शाळेतून (हेडमास्तरांच्या परवानगीनं, म्हणजे ती मागाहून घेतली) परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि दोन-चार बाटल्या उचलल्या आणि सैपाकघराला लागून असलेल्या पडवीत दुकान मांडलं.

लघवी तपासायची ती सकाळी एकदा. उरलेल्या दिवसाचं काय करावं? म्हणून मी घरातलं अन्न तपासायला घेतलं. ज्वारीच्या भाकरीवर आयोडीनचा थेंब टाकला की डाग काळानिळा पडतो, कारण भाकरीत पिष्ट असतं, आणि त्या पिष्टाची पोटात साखर होते. हे आईला समजावं म्हणून मी तिच्याच हातची गरम भाकरी तिच्यासमोर काळी करून दाखवली. तिनं कपाळाला हात लावला. "काहून रे बाप्पा, जहर कालवलं का मी पिठात?" मग तुरीच्या वरणाच्या पाण्यात मोरचूद आणि कॉस्टिक सोडा घालून ते जांभळं केलं (जांभळं झालं म्हणजे प्रथिनं आहेत). सरकीच्या तेलातलं भजं कागदावर घासून कागद उन्हात धरला आणि तेलाच्या डागातून पलीकडचा उजेड कसा दिसतो ते दाखवलं. त्या दिवसापासून सुभद्रा मला वाढण्याआधी माझे दोन्ही हात उघडून बघते. लग्नाच्या बायकोनं नवऱ्यावर एवढाही विश्वास ठेवू नये याचं वाईट वाटतं, पण तिचंही चुकत नाही.

आता मूळ परीक्षा सांगतो. मोरचूद घालून केलेलं एक निळं औषध असतं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. असेल तर रंग हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत जातो आणि फार साखर असेल तर नळीत विटेसारखा लाल गाळ बसतो. आईची नळी पहिल्याच सकाळी लाल झाली. दुसऱ्या सकाळीही लाल. मी भात बंद केला, गूळ बंद केला, केळी आणि बटाटे घरात यायचे बंद केले, तरी लाल. मामा, लाल रंग पाहिला की माझा घास घशाखाली उतरत नसे. मी ताटावरून उठून शाळेत जायचो आणि तिथं सातवीच्या पोरांना मारायचो.

मग मी आईला कारल्याचा रस आणि मेथ्या सुरू केल्या. आणि काय सांगू, एका सकाळी नळी निळी! स्वच्छ, आभाळासारखी निळी. दुसऱ्या दिवशी निळी, आठवडाभर निळी. मी त्या दिवशी भाकऱ्यांवर भाकऱ्या खाल्ल्या. शिक्षकांच्या खोलीत व्याख्यान दिलं. शेजारच्या गंगूबाईच्या नवऱ्याला कसलाही आजार नसताना कारल्याचा रस पाजला (ते अजून माझ्याशी बोलत नाहीत). नाक वर करून सगळ्या मोहल्ल्यात हिंडत होतो.

एवढ्यात आई मात्र वाळत चालली. घागर घागर पाणी पिऊ लागली. मीठ समजून साखरेच्या डब्यात हात घालू लागली, कारण डोळ्यांना नीट दिसेना. पायाच्या अंगठ्यात काटा गेला होता, ती जखम भरेना. मी म्हटलं, वय झालं. मी म्हटलं, काटा बाभळीचा असेल. नळी निळी होती ना! आईच्या तोंडाकडे बघायचं काम मी नळीवर सोपवून मोकळा झालो होतो.

शेवटी मी आईच्या लघवीची बाटली घेऊन कॅम्पातल्या डॉक्टर खुशालरावांकडे गेलो, औषध मागायला नव्हे, शाबासकी घ्यायला. त्यांनी बूच काढलं आणि नाकाशी नेलं. (मी तपकीर ओढतो हे तुम्हांला ठाऊक आहे. माझ्या नाकानं कधीच पेन्शन घेतली आहे.) त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, पुन्हा एकदा हुंगलं आणि म्हणाले, "मास्तर, पेशंट ठणठणीत आहे. फक्त वैरण वेळेवर देत जा."

ती आमची कबरी गाय होती, मामा. आई रोज सकाळी घरात शिंपडायला गोमूत्र धरते, त्यातलंच माझ्या बाटलीत ओतत होती. मी घरी येऊन खूप ओरडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुह्या नळीत लाल दिसलं का तू ताटावरून उठे. निळं दिसलं त्या दिवशी पोटभर जेवला. मंग कबरीचं असो का माहं असो, तुले निळंच पाह्यजे होतं ना?" मला तिथंच रडू आलं. पस्तिशीचा मास्तर, पडवीत परीक्षानळ्यांमध्ये बसून रडलो.

डॉक्टर घरी येऊन गेले. खऱ्या लघवीचा रंग लिहीत नाही, तुम्ही ओळखला असेलच. अंगठा काळा पडला आहे. रोज इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल म्हणाले. आई तोंड फिरवून निजली. "रोज सुई टोचून घ्यायले मी का गोधडी आहो?" डॉक्टर, सुभद्रा, मी, गंगूबाई, सगळे हरलो.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, पोरांना एकेक धपाटा. तपकीर सोडली आहे, म्हणून नाकाची क्षमा मागून इथंच थांबतो.

तुमचा भाचा,
उत्तम

ता. क. : सुभद्रेनं पत्र ऐकलं आणि म्हणाली, एवढी गाय लिहिली, कामाचं काय लिहिलं? काम असं आहे. यंदा भाऊबीजेला आईला लुगडं आणू नका. ती ओवाळील तेव्हा ताटात इंजेक्शनची बाटली ठेवा. बाटली मी आणून पाण्याच्या रांजणाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. तुम्ही घातलेली ओवाळणी तिनं आजवर कधी परत केली नाही. अंगाला टोचणारं ते हिरवं लुगडंसुद्धा तिनं फाटेपर्यंत नेसलं. तुमच्या हातचं ती नाही म्हणणार नाही.

आणखी एक : भाऊबीजेची वाट पाहू नका. डॉक्टर जाताना मला दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, दिवाळीचं मी काही सांगू शकत नाही. मामा, मी फार भ्यालो आहे. पत्र मिळताच जी गाडी मिळेल तिनं निघा. बडनेऱ्याला मी प्रत्येक गाडीला उभा राहीन. आईला आता पंचांग दिसत नाही आणि दिवसांचाही मेळ लागत नाही. दिवाळी आली का रे, जानराव आला का, असं रोज विचारते. तिनं इतके दिवस मला फसवलं, आता एक दिवस आपण तिला फसवू. गंगूबाईला सांगून ठेवलं आहे, पोरांना फटाके आणून दिले आहेत. तुम्ही याल त्या दिवशी भाऊबीज. सुभद्रा आत्ता वाती वळायला बसली आहे.