शेवयांच्या कारखान्यातला उबाल्दो

मंगळवार, २ जुलै

बोलून बसले! जिभेला हाड नाही ना. क्लबात सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा माझा फोटो पहिला आला नाही तर क्लब सोडते."

कारण ओफेलिया. तीन वर्षं पहिलं बक्षीस तिलाच, आणि तीन वर्षं त्याच कुत्र्याचा फोटो! एकदा ओलं, एकदा कोरडं, एकदा टोपी घातलेलं. यंदाचा विषय लागला — 'ओसाड'. म्हटलं, आता आण बघू कुत्रं! तर म्हणते कशी, "निबिया, सोडणार असलीस तर आधी कळव हं. माझी जाऊ कधीची थांबलीय जागेसाठी."

भवानी! मंगळवारचा क्लब सोडला तर मला आहे काय? बाकीचे दिवस लोकांच्या विजारींना टिपा घालायच्या आणि संध्याकाळी गेलेल्या नवऱ्याच्या, वॉशिंग्टनच्या फोटोला सांगायचं, जेवले बरं का. जिंकलंच पाहिजे.

गुरुवार, ४ जुलै

ठरलं. नदीकाठचा शेवयांचा कारखाना. बंद पडून युगं लोटली, गावात कुणी तिकडं फिरकत नाही. सोबत नणंदेला नेते — झुलेमाला. एकटीनं जायची छाती नाही, आणि कुंपणातून मागनं ढकलायला कुणीतरी हवंच.

रविवार, ७ जुलै

हसू की रडू!

कुंपणाला भोक सापडलं. माझा पुढचा भाग गेला, मागचा अडकला. झुलेमानं ढकललं, मी सुटले, तिचा स्कर्ट टरकला. मग चोरासारख्या, श्वास रोखून, मोठ्या दारापाशी पोचलो. आणि ही बया दारात उभी राहून टाळ्या वाजवते! चांगल्या खणखणीत तीन, कुणाच्याही फाटकाशी वाजवतो तशा!

"अगं ए! आपण चोरून आलोय!"

"म्हणून काय झालं, वहिनी? कुणाच्या दारात न विचारता शिरायचं? आईनं असं नाही शिकवलं आम्हाला."

आणि आतून आवाज — "या, या! दार उघडंच आहे, जरा लाथ मारा!"



उबाल्दो. कारखान्याचा रखवालदार. मालक गेले, यंत्रं गंजली, पण याला कुणी 'जा' म्हणालंच नाही, म्हणून हा आहेच. मागच्या अंगणात कोंबड्या, समोर नदीत मासे. चाललंय. कॅमेरा बघितला मात्र — कंगवा नळाखाली धरला, भांग पाडला आणि कणीक मळायच्या यंत्रापाशी छाती काढून उभा राहिला! नंतर कडू मात्ते चहा आला, एकाच नळीनं तिघं प्यायलो, आणि झुलेमानं सगळ्या कोंबड्यांची नावं विचारून घेतली.

सोमवार, ८ जुलै

फोटो पाहिले. सगळ्यांत उबाल्दो. एकात नुसता कान आहे, पण त्याचाच.

रविवार, १४ जुलै

आज स्पष्टच सांगितलं. "जरा बाजूला व्हाल का? ओसाड जागेचा फोटो हवाय."

"ओसाड म्हणजे?"

"म्हणजे जिथं कुणी नाही अशी जागा."

"पण मी आहे की!"



खरा कहर तर आत गेल्यावर. आम्ही येणार म्हणून गड्यानं अख्खी शेड झाडून काढलेली! जळमटं गायब. खिडक्या पुसलेल्या, निदान ज्यांना काच आहे त्या. शेवया वाळवायच्या ट्रेमध्ये लाल फुलांची रोपं! "पाहुणे येणार आणि मी घाण ठेवू?" म्हणे. माझी जळमटं! कशी सोन्यासारखी होती! झुलेमा खांबाला धरून हसत होती. "वहिनी, स्वच्छतेचं बक्षीस असतं तर तुझंच होतं बघ."

मी रागावले. त्याचा चेहरा एवढासा झाला. मग मलाच वाईट वाटलं आणि झाडू हातात धरलेले दोन फोटो काढले त्याचे.

शनिवार, २० जुलै

पाऊस, वर ऐन जुलैची थंडी. पाऊस म्हटलं की चरबीत तळलेल्या कणकेच्या तोर्ता आल्याच. तळल्या. झुलेमाला फोन केला — माझा गुडघा धरलाय म्हटलं, आज कुठं जात नाही. आणि डबा घेऊन कारखान्यात गेले. एकटी! त्याच भोकातून! कुणी ढकललं नाही तरी गेले.

कॅमेरा नेला होता. पिशवीतच राहिला.

खाऊन झाल्यावर उबाल्दो म्हणाला, "बघायचं का यंत्र चालतं का?" तोर्तांची उरलेली कणीक डब्यात होती, ती वरनं घातली. दोघांनी चाक ओढलं. बराच वेळ काही नाही. मग भस्सकन गंजाचं पाणी आलं आणि त्याच्यामागून एक उंदीर — जिवंत! डोक्यावर कणकेची टोपी! आम्हा दोघांकडे असा बघून गेला की जसा काही मालकच. मी इतकी हसले, इतकी हसले, की उबाल्दोनं धरलं नसतं तर पडलेच असते. धरलं ते जरा जास्तच वेळ धरलं. मीही सोडवून घेतलं नाही. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. फार बरं वाटलं.

घरी आले तर उंबऱ्यावर गुडघ्याच्या मलमाची ट्यूब. झुलेमा येऊन गेली होती!

सोमवार, २२ जुलै

"गुडघा कसा आहे, वहिनी?"

"बराय."

"मलम लावलंस?"

"लावलं."

एवढंच. विचारताना बघत होती माझ्याकडे. तिचे डोळे अगदी वॉशिंग्टनचे. तो गेला तेव्हा हीच माझ्या शेजारी येऊन झोपायची, मला एकटं वाटू नये म्हणून. तिला कळलं तर? भावाला विसरली म्हणेल. ती तुटली तर मला दुसरं कोण आहे? छे! बस झालं. एक धड फोटो काढायचा आणि त्या भोकाकडे पुन्हा बघायचं नाही.

गुरुवार, २५ जुलै

उबाल्दो दात दाखवायला दवाखान्यात गेला होता. मी पटापट काढले. कुठं कान नाही, कोपर नाही. उतरतं ऊन, रिकामी शेड, गंजकं चाक. असा फोटो जन्मात काढला नव्हता मी. ओफेलियाचं कुत्रं पाणी भरेल याच्यापुढं!

पण बघवत नाही मेला. दोनदा बघायला घेतला, दोनदा पालथा ठेवला.

शुक्रवार, २६ जुलै

शेवटची तारीख. झाडूवाला उबाल्दो दिला. फुलांसकट. तिथं माणूस राहतो, तर नाही कसं म्हणू? हरणार, माहितीये. गेला क्लब तर गेला!

शनिवार, ३ ऑगस्ट

हरले. पहिलं बक्षीस — कुत्रं, रिकाम्या ताटलीपाशी. परीक्षक राजधानीहून आलेले. माझ्या फोटोपाशी थांबून म्हणाले, "विषय ओसाड आहे ना? हे गृहस्थ तर लग्नाला निघालेत!" हॉलभर हशा. उबाल्दो आला होता, टाय लावून. त्याला वाटलं कौतुकच चाललंय. वाकून सगळ्यांचे आभार मानले! ओफेलिया कानाशी येऊन म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द, निबिया." म्हटलं, "सांग तुझ्या जावेला, मंगळवारपासून ये."

मग शेवटच्या भिंतीशी गेले. तिथं क्लबाबाहेरच्या लोकांचे फोटो. एक फोनवर काढलेला, जरा हललेला, फुटक्या खिडकीतून. आत यंत्रापाशी एक बाई. तोंड एवढं उघडं, गालाला कणीक, आणि तिला धरून उभा उबाल्दो. मी अशी हसते? मला माहीतच नव्हतं. खाली कार्ड — 'माझी वहिनी'. आणि झुलेमाचं नाव.

 सगळं गाव बघतंय! तिला शोधलं, तर निघून गेलेली. फोनही उचलत नाही. फोटो रागानं लावलाय की कशानं? देवा, काय करू?

रविवार, ४ ऑगस्ट

झुलेमा सकाळीच आली. काखेत वॉशिंग्टनचा जाड कोट. तो गेल्यावर तिनंच मागून नेला होता, कुणाला हात लावू द्यायची नाही. "नदीकाठी गारठा फार. त्याला दे," म्हणाली. नाक पुसलं आणि भांडायला लागली, त्या दिवशीच्या तोर्ता तिच्यासाठी का नाही ठेवल्या म्हणून.

उबाल्दोला बाह्या लांब होतील. आखूड करायला घेतल्यात.