डाव्या-उजव्याच्या खुणा आणि माझ्यामागे उरणाऱ्या वस्तू

१. रविवार, १९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी मी आमच्या डोंगरावर उतारशर्यतीच्या सरावासाठी सुरुवातीच्या केबिनमध्ये उभी होते.

२. बुटाला स्कीवर धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी जी पकड असते, तिचा आकडा माझ्या दोन स्कींवर वेगवेगळा होता. डावी चौदावर, उजवी अठरावर. डाव्या गुडघ्याची पूर्वी शस्त्रक्रिया झाल्यामुळे डावी लवकर सुटावी, असे ठरले होते. पकडी माझे स्की-तंत्रज्ञ हाल्व्हार ब्रेक्के यांनी बसवल्या होत्या. त्यांचे काम बरोबर होते.

३. उजव्या स्कीच्या आतल्या कडेला दगडाची खाच पडलेली मला दिसली. वळण आतली कडा कापते. खाच बाहेरच्या बाजूला जावी म्हणून मी दोन्ही स्कींची अदलाबदल केली. तंत्रज्ञाने स्की हाती दिल्यावर त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. अदलाबदल कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून डाव्या-उजव्याच्या खुणेच्या चिकटपट्ट्याही काढून बदलून लावल्या.

४. पकडींचा आकडा स्कीबरोबर जातो, पायाबरोबर नाही. हे माझ्या लक्षात आले नाही.

५. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला, ताशी ११२ किलोमीटर वेगात, डावीकडच्या वळणावर सगळा भार उजव्या पायावर असताना त्या पायाखालची स्की सुटली. मी कडेच्या संरक्षक जाळीत गेले. नडगीचे तीन तुकडे झाले.

६. चौकशीत ‘उजवी’ अशी पट्टी असलेल्या स्कीची पकड चौदावर सापडली. हाल्व्हार ब्रेक्के यांनी चूक आपली असल्याचे लिहून दिले. त्यांचे काम गेले.

७. खरे कारण मला तिसऱ्या दिवशी कळले. मी कोणाला सांगितले नाही.

वरील सातही मुद्दे खरे आहेत. यापुढचा मजकूर त्यांच्यासह वाचावा.

मी, हेर्दिस ओल्स्टाड, वय सत्तावीस, राहणार ऑपडाल, व्यवसायाने उतारशर्यतीची स्कीपटू आणि शिक्षणाने धातू-अभियंता, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. जानेवारीत ते यंत्रात घालून तपासले होते, चित्रे दुसऱ्या खणात आहेत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती आठ आहेत. आमच्या संघात वेगाच्या शर्यती करणाऱ्या आम्ही पाचजणी दर नोव्हेंबरात, पहिल्या शर्यतीआधी, असा कागद करतो. मी दर वर्षी जुन्याच मजकुरावर नवी तारीख घालत आले. यंदा तसे करता येत नाही.

कलम १. स्टेशनमागचा माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि तळ्यावरच्या होडीतला माझा अर्धा वाटा माझे वडील अर्न्फिन ओल्स्टाड यांना मिळावा. ते मेंढ्या पाळतात. साक्षीदार शोधायला मी बाहेर निघाले तेव्हा बाबा मला म्हणाला,

“सही मीच करतो की. पेन आहे इथं.”

“बाबा, साक्षीदाराला यातलं काही मिळता कामा नये. कायदाच आहे. सही केलीस तर होडी गेली.”

“मग करतोच. गळते ती.”

“फ्लॅटही जाईल.”

“तिथं मेंढ्या ठेवता येतात?”

“नाही.”

“मग मला काय करायचाय तो?” नंतर त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “तू माझ्या आधी जाणार, असं धरूनच चालली आहेस का?”

“असा कागद तसाच लिहितात, बाबा.”

“मग शर्यतीत पण कागदावर लिहिल्यासारखीच खाली ये. उभी.”

होडीच्या तळाला डाव्या बाजूने तिसऱ्या फळीत भेग आहे. ती मी भरणार होते. न भरताच गेले, तर ते काम त्याने स्वतः करू नये, माणूस लावावा.

कलम २. माझी आई बर्गनला राहते. तिथे पाऊस पडतो. ती इथून का गेली, याचे मला मिळालेले स्पष्टीकरण एवढेच आहे: तिला हिवाळा सोसत नव्हता. तिला माझे सर्व लोकरी कपडे मिळावेत. तिने ते घालावेत, अशी अट नाही.

कलम ३. बँकेतली सर्व शिल्लक गावच्या स्की मंडळाला. अट एकच. खालच्या इमारतीत मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीतला हीटर दुरुस्त करावा. मी दहा वर्षांची होते तेव्हापासून तो बंद आहे. त्याविषयी मी मंडळाला तीन पत्रे लिहिली. पहिले बाराव्या वर्षी, तारेच्या जोडणीच्या आकृतीसह. उत्तर आलेले नाही. मुलांच्या खोलीतला हीटर कधी बंद पडल्याचे ऐकिवात नाही.

कलम ४. जिल्ह्याच्या वृत्तपत्राचे क्रीडावार्ताहर रुआर स्टेन यांनी माझे नाव ‘फ्रीझर’ असे पाडले, कारण जिंकल्यावरही मी हसत नाही. त्यांना माझा फ्रीझर मिळावा. एकशे ऐंशी लिटर, आतल्या एल्क या मोठ्या हरणाच्या मांसासह. मांस चांगले आहे. हे मी रागाने लिहिलेले नाही, पण आनंदाने लिहिले आहे.

कलम ५. माझ्या अकरा वह्या तिरिल नॉर्दबी हिला मिळाव्यात. तिरिल संघातली सर्वांत धाकटी आणि माझी खोलीसोबतीण आहे. वह्यांत अकरा हिवाळ्यांतले बर्फाचे रोजचे तापमान, हवेतला ओलावा, स्कींच्या तळाला लावलेले मेण आणि शेवटच्या सरळ पट्ट्यातला वेग लिहिलेला आहे. इतरांनी ही माहिती दहा वेळा मागितली. मी दिली नाही. तिरिलने एकदाही मागितली नाही. तिने मला एवढेच म्हटले होते,

“तू मेलीस ना, की तुझी खिडकीजवळची खाट माझी.”

“ती तू फेब्रुवारीतच घेतलीस.”

“तू हॉस्पिटलमध्ये होतीस! खाट काय रिकामी ठेवायची?”

“गादी बदललीस का?”

“नाही. तुझ्या वजनाचा खड्डा आहे त्यात. त्यात झोपलं की मी जोरात जाते.”

तिचा वेग खरोखर वाढलेला आहे. कारण खड्डा नसावा.

कलम ६. माझ्या उजव्या पायातली टायटेनियमची सळई अंत्यसंस्कारानंतर उरेल. ती मी जिथे शिकले त्या प्रयोगशाळेला द्यावी आणि धातूच्या थकव्यासाठी तपासावी. निकाल मला कळणार नाही, याचे वाईट वाटते.

यापुढचा मजकूर हे कलम नाही. तरी तो इथे राहू द्यावा.

हॉस्पिटलात, व्यायामशाळेत, किराणा दुकानाच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला गेला: परत शर्यतीत का? मला नेमके उत्तर माहीत नव्हते. आता जवळजवळ माहीत आहे. केबिनच्या दारात काठ्या रोवून ढकलल्यावर पहिली चार सेकंदे काहीच घडत नाही. वारा नसतो, आवाज नसतो, माणूस नुसता जड असतो. पाचव्या सेकंदाला डोंगर ओढायला लागतो. त्यानंतरची शंभर सेकंदे मला कोणाशी बोलावे लागत नाही, कोणाला काही समजावावे लागत नाही, आणि मी जे जे शिकले आहे ते सगळे एकाच वेळी उपयोगी पडते. असे दुसरीकडे कुठे घडत असेल तर मला सांगावे. मी ऑफिसांत चौकशी केलेली आहे.

या बुधवारी सकाळी सहाला हवा उणे सात होती आणि ओलावा चाळीस टक्के. कृत्रिम बर्फाला याहून चांगले काही नसते. डोंगरावरची बर्फ पाडणारी यंत्रे सुरू झाल्याचा आवाज स्वयंपाकघरात आला. मी तापमापक तीनदा पाहिला. मग अनवाणी पायांनी टेबलाभोवती दोन फेऱ्या नाचले. दुखले नाही. या घटनेला साक्षीदार नाहीत. आज वरचा अर्धा उतार पांढरा झाला आहे. पहिली शर्यत शनिवारी, ६ डिसेंबरला, आमच्याच डोंगरावर आहे. चौदा दिवस उरले. यादीत माझे नाव अकरावे आहे. मी यादी रोज पाहते, ती बदलत नाही, तरी पाहते.

कलम ७. हाल्व्हार ब्रेक्के, वय एकसष्ट, यांच्याविषयी.

अपघाताच्या पाचव्या दिवशी ते हॉस्पिटलात आले. डब्यात वॉफल होते, प्रत्येकावर ब्राउन चीजचा काप.

“किती तुकडे?” त्यांनी विचारले.

“तीन.”

“मला दोन सांगितले होते. तू नेहमी एक जास्तीच करतेस.” मग म्हणाले, “मी सही करून आलो. चूक माझी म्हणून.”

मला तोपर्यंत दोन दिवस खरे माहीत होते. मी म्हणाले, “ठीक आहे.”

एप्रिलमध्ये संघाची नवी यादी लागायची होती. हे कारण आहे. सबब म्हणून मी ते पुढे करत नाही.

त्यानंतर त्यांना कोणत्याही संघाने घेतले नाही. तीस हिवाळे मेणाच्या टेबलापाशी काढलेला माणूस आता गावात टायर बदलतो. या मंगळवारी मी हिवाळ्याचे टायर बसवायला गाडी तिथे नेली. गावात टायरचे आणखी एक दुकान आहे आणि ते उघडे होते.

“उशीर केलास,” ते म्हणाले. “अर्धं गाव घसरून खड्ड्यात जाऊन आलं.”

“वेळ नव्हता.”

“पाय?”

“एकशे अडतीस अंशांपर्यंत वाकतो.”

“कसा आहे ते विचारलं. किती वाकतो ते नाही.”

“बरा आहे.”

कोपऱ्यात कॉफी पीत बसलेले एक गिऱ्हाईक ओरडले, “हाल्व्हार, माझे चारही एकाच आकड्यावर आवळ हां! नाहीतर मीही जाळीत!” तिघेजण हसले. हाल्व्हारही हसले. त्यांना त्या हसण्याची सवय झालेली दिसली.

ते माझ्या टायरांवर खडूने लिहू लागले: पुढचे डावे, पुढचे उजवे. सगळेच तसे लिहितात. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

“यांची अदलाबदल करायची नाही. फिरायची दिशा ठरलेली असते. खूण पुसून दुसरी लिहिली म्हणून टायर बदलत नाही.”

मी विचारले, “तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. मी पट्टीचं टोक दुमडून ठेवतो, हातमोज्यानं निघावी म्हणून. तीस वर्षं ठेवतोय. तू दुमडलं नव्हतंस.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुला काढलं असतं. ट्रॉनहाइमला जाऊन ऑफिसात बसली असतीस.” त्यांनी जॅक वर घेतला. “तुला खुर्चीत बसलेलं बघितलंय मी. बघवत नाही.”

“तो निर्णय तुझा नव्हता.”

“स्कीला हात लावायचा निर्णयही तुझा नव्हता.”

गाडी खाली आली. “पन्नास किलोमीटरनंतर नट परत आवळून घे,” ते म्हणाले. मी म्हणाले, “ठीक आहे,” आणि निघून आले. दुसऱ्यांदा.

सबब, हाल्व्हार ब्रेक्के यांना मी पुढील गोष्टी देत आहे: १९ जानेवारीच्या स्कींची जोडी, पट्ट्या मूळ जागी लावून, आणि या कागदाच्या सुरुवातीचे सात मुद्दे, त्यांना हवे तिथे, हवे तितक्या वेळा दाखवायला.

कलम ७ पूर्ण केल्यावर मी ते पुन्हा वाचले. त्यात एक दोष आहे. ते अमलात येण्यासाठी मला मरावे लागते, आणि माझा तसा विचार नाही. मी फार चांगल्या स्थितीत आहे. तोपर्यंत हा माणूस त्या कोपऱ्यातले हसणे ऐकत राहणार. म्हणून सात मुद्दे वेगळ्या कागदावर उतरवून, सही करून, आज सकाळी नऊ चाळीसला मी संघाच्या कार्यालयाला पाठवले. एक प्रत रुआर स्टेन यांना पाठवली. ते छापतील. ६ डिसेंबरच्या यादीतून माझे नाव निघण्याची शक्यता माझ्या अंदाजाने निम्मी आहे. पाठवल्यावर मी मनगट धरून ठोके मोजले. नाडी एकशे चार होती. शर्यतीआधी केबिनमध्ये असते तेवढीच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबाने करावी. एल्कच्या मांसावरून वाद घालू नये.

या कागदावर दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी, माझ्यासमोर, हे माझे मृत्युपत्र आहे हे माहीत असताना सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही. ब्रेदे यांनी फ्रीझरविषयी विचारणा केली होती, ती नाकारण्यात आली.

सही: हेर्दिस ओल्स्टाड

साक्षीदार १: ओद्नी लीएन, फिजिओथेरपिस्ट
साक्षीदार २: ब्रेदे ओयेन, उतार सपाट करणाऱ्या यंत्राचे चालक

ऑपडाल, शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

हाल्व्हार ब्रेक्के यांना द्यायच्या प्रतीवर:

हाल्व्हार, मी तुझी माफी मागते. मला हे तोंडाने नीट बोलता आले नसते. माझे नाव यादीत राहिले, तर ६ तारखेला माझ्या पकडी तू बसवाव्यास. नाव निघाले, तर मला परवानगी मिळेल त्या पहिल्या शर्यतीला. तू दिल्यावर मी स्कींना हात लावणार नाही. तू नाही म्हणालास, तरी कार्यालयाला पाठवलेले पत्र तसेच राहील. त्या पत्राच्या बदल्यात मी हे विचारत नाही. येणार की नाही, ते कृपया शुक्रवार, २८ नोव्हेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत कळव.