रिंकला पाणी

४ फेब्रुवारी १९८१, बुधवार

नीता पडली. बागेतल्या स्केटिंग रिंकवर चाक खड्ड्यात गेलं, कोपर फुटलं. टाके घातले. नऊ वर्षांची पोर, रडली नाही. डॉक्टरांना म्हणाली, आईच्या वेळी तिथं खड्डे नव्हते. हे तिला मी कधी सांगितलं? सांगितलं असेल.

सासरे, मामाजी, संध्याकाळी लकडगंजहून, आपल्या लाकडाच्या टालावरून आले. ऐकून म्हणाले, पोरीच्या पायाले चाकं काहून पायजेत. सासूबाई त्यांना वाढत होत्या, त्यांनीही तेच म्हटलं. मी पोळ्या लाटत राहिले.

११ फेब्रु.

दुपारी विमलताई गजभिये आल्या. नीताच्या वर्गाच्या बाई. बागेमागच्या वस्तीत राहतात. कोपर कसं आहे विचारलं, मग मुद्द्यावर आल्या. रिंक दुरुस्त व्हावी म्हणून सह्या गोळा करायच्या, मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी मिळून कॉर्पोरेशनवर जायचं. वस्तीतून सह्या त्या आणतील. इकडच्या बंगल्यांतून कोण आणणार? "तुम्ही याच रिंकवर कप मिळवला होता. तुम्ही बोललात तर ऐकतील."

घरी विचारावं लागेल, म्हटलं. "विचारा," म्हणाल्या. कीव केली नाही, तेवढं बरं.

सासूबाईंनी चहा पाठवला, त्यांच्यासाठी कान तुटलेला कप. विमलताईंनी तो पाहिला, आणि प्यायल्या. मला खाली बघवेना, वर बघवेना.

१५ फेब्रु., रवि.

ह्यांना विचारलं. बाबांना विचार, म्हणाले. हे कामठीला बँकेत दिवसभर लोकांना सह्या करायला सांगतात, घरी आपली एक सही करवत नाही.

मामाजींना विचारलं. वाटलं होतं ओरडतील. पण सुपारी कातरत विचार केला आणि हो म्हणाले. वार्डातलं काम आहे, घरची सून पुढं असली तर बरंच दिसते. फक्त अंधाराच्या आत घरी.

लग्नानंतर पहिल्यांदाच हातात भाजीची पिशवी नसताना बागेच्या रस्त्यानं चालले. हात कुठं ठेवावे समजेना.

१ मार्च, रवि.

रिंकवरच सभा. सिमेंटचे पोपडे निघालेत, कडुनिंबाच्या मुळानं एक कोपरा उचललाय. बाकी भोकं लग्नाच्या मांडवांची. मांडवाच्या बल्ल्या मामाजींच्याच टालावरच्या. कोणीतरी हळूच बोललं, मामाजीच सगळ्यात मोठ्यानं हसले. आणि अध्यक्ष झाले, एकमतानं. विमलताई चिटणीस. मी सहचिटणीस. नाव लिहून घेताना "शालिनी" एवढंच सांगितलं, तर लिहिणाऱ्यानं वर पाहून विचारलं, कोणाच्या घरच्या?

१९ मार्च

वि. ताई आणि मी रिक्षानं कॉर्पोरेशनमध्ये. साहेब जेवायला, मग साहेब मीटिंगला. शेवटी भेटले. मजूर देऊ म्हणाले, सिमेंट नाही. परमिटशिवाय पोतंही मिळत नाही, घरं अडली आहेत, तुमची रिंक कुठं घेऊन बसता.

परतताना वि. ताई बोलल्या थोडंसं. छप्पनला त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, गर्दीत एक चप्पल हरवली, तशाच घरी चालत आल्या. आईनं दुसरीही फेकून दिली, एका चपलेचं काय करायचं म्हणून. दोघी हसलो.

घरी आल्यावर मामाजींना सिमेंटचं सांगितलं. पाहतो, म्हणाले.

२ एप्रिल

मामाजींनी परमिट आणलं. कोणाकडून, कसं, विचारायची सोय नाही. सगळा मोहल्ला त्यांच्या पाया पडतो आहे. मला आनंद व्हायला पाहिजे. झालाही. पण आता ते "आपली रिंक" म्हणतात तेव्हा त्यातलं आपली म्हणजे कोणाची, असं मनात येतं.

१३ एप्रिल, सोम.

काल सिमेंट पडलं. आता पाणी. ऊन असं की सकाळी भिजवलेली पोती दहापर्यंत कडक. पाणी कमी पडलं तर सगळं तडकणार, मिस्त्रीनं बजावलंय. बागेचा नळ कोरडा. जवळचा नळ वस्तीतला, तोही पहाटे थोडा वेळ. वस्तीतल्या बाया घरचं भरायच्या आधी रिंकवर पाण्याचे गुंड ओततात. वि. ताईंची आई सगळ्यांत पुढं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही बसा. "पोरायच्या पायाले लागू नये, बाई," म्हणाली आणि गेली दुसऱ्या खेपेला.

मीही लागले. कमरेवर गुंड, साडी चिंब. फार बरं वाटलं.

१४ एप्रिल

मामाजींनी काल मला त्या रांगेत पाहिलं. रात्री सासूबाईंकडून निरोप: पाणी वाहायला माणसं आहेत, तू देखरेख कर. आज छत्री घेऊन काठावर उभी होते. मावशी समोरून भरला गुंड घेऊन गेली. माझ्याकडे पाहून हसली, नेहमीसारखीच. तेच जास्त लागलं.

३ मे, रवि.

रिंक तयार. हात फिरवला तर ताटासारखी. सकाळी वि. ताई म्हणाल्या, तुम्हीच तपासून सांगा. नीताचे स्केट्स ओढून मोठे केले, पट्टे आवळले, पदर खोचला. अर्धा फेरा झाला. पाय विसरले नव्हते! पुढच्या वळणावर वि. ताईंच्या अंगावर जाऊन आदळले, दोघी खाली. हसता हसता उठता येईना.

त्यांच्या भाच्या आल्या होत्या, संगीता आणि बेबी. दोघींत मिळून एकच जोडी, कोणाची तरी जुनी. एकीच्या उजव्या पायात, दुसरीच्या डाव्या. हात धरून, मोकळ्या पायानं जमीन ढकलत. पडल्या नाहीत.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली. हे म्हणाले, लोकांचं सोड, पण मला विचारायचं तरी. त्यांचा आवाज चढत नाही. चढला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

१७ मे, रवि.

कमिटीची सभा आमच्या दिवाणखान्यात. वाळ्याची ताटी भिजवली, सरबत केलं. मामाजींनी सांगितलं, रिंकला कुलूप राहील. फक्त सभासदांच्या मुली. ज्याचे त्याचे स्केट्स, पांढरे बूट. दोघींत एक जोडी चालणार नाही, अपघात होतो.

वि. ताईंनी शांतपणे विचारलं, पाणी कोणी घातलं? मग त्या माझ्याकडे वळल्या. "शालिनीताई, तुम्ही तिथंच होता. तुम्ही सांगा."

हातात सरबताचा ट्रे. सगळे बघताहेत. हे पंख्याकडे बघताहेत. मी म्हटलं, "पाणी वस्तीनं घातलं. त्यांच्या मुलींना बाहेर ठेवणं बरोबर नाही." आवाज बारीक निघाला, पण निघाला.

मामाजी म्हणाले, "सूनबाई, आत जा."

गेले. आतून सगळं ऐकू आलं. ठराव झाला. मग वि. ताईंच्या चपला, पायरी, फाटक.

२२ मे

कोणी नको म्हटलेलं नाही. फक्त सोमवारी कुरडया निघाल्या, मंगळवारी सासूबाईंचे गुडघे, काल पापड, आज त्यांची बहीण भिवापूरहून तिखटाच्या मिरच्या घेऊन. दाराला कडी नाही. उंबऱ्यापर्यंत जाते, तिथंच कोणीतरी हाक मारतं.

वि. ताईंकडे जायचं आहे. जाऊन काय सांगणार?

२९ मे

नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. कूलरची हवासुद्धा गरम. मामाजींनी समोर बसवलं. त्यांनी मला समोर बसवण्याची ही पहिली वेळ. सात तारखेला उद्घाटन, तू भाषण करशील. नंतर पोरींना शिकवशील, आठवड्यातून तीनदा. चावी तुझ्याकडे.

मी विचारलं, आणि वस्तीतल्या?

"शिकवतानी हात धरून फिरवा लागते ना? आपल्या पोरी त्यायच्या संगं हात धरून फिरतीन का? मले सांग."

"मी फिरेन."

"तू फिरशीन, मले मालूम आहे. म्हणूनच सांगून राहिलो. तुले बाहेर जाणं पायजे का नाही?"

रागावले नव्हते. माझं सगळं त्यांना कळतं, याचीच भीती वाटली. ह्यांना सांगितलं. "घे की," म्हणाले, "एवढं कोणत्या घरात मिळतं?" खरं आहे. म्हणून तर नाही म्हणवत नाही.

७ जून, रवि.

झालं उद्घाटन. हार, फोटो. भाषणात वस्तीतल्या बायांचे आभार मानले, मामाजींनी टाळ्या वाजवल्या. आभाराला त्यांची हरकत नाही. वि. ताई आल्या नाहीत. मावशी आली होती, कठड्याबाहेर उभी, दोन्ही नातींना घेऊन. मामाजींनी चावी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. फार टाळ्या.

९ जून, मंगळ

पहिला वर्ग. नऊ मुली, पांढरे बूट, नव्या रिबिनी. शिट्टी वाजवणार तेवढ्यात फाटकाशी संगीता आणि बेबी. एकच जोडी. आत येऊ का असंही विचारलं नाही त्यांनी, नुसत्या उभ्या. नीता फाटकापर्यंत गेली, मागं वळून माझ्याकडे बघत राहिली. मी काही ठरवलं नव्हतं. चालत गेले आणि कुलूप काढलं.

दोन सभासद बाया आपापल्या मुलींना हाताला धरून घेऊन गेल्या, तडक आमच्या घराकडे. बाकीच्या मुली राहिल्या. हात धरायला सांगितलं, धरले. नीतानं बेबीचा.

घरी आले तर मामाजी झोपाळ्यावर. जेवले. हात धुतले. ह्यांनी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हटलं, चावी देऊन टाक, विषय मिटेल. बाहेर आले तर मामाजींनीच विचारलं, "वर्गात किती पोरी राहिल्या?"

"नऊ," म्हटलं. त्या दोघी धरून.

त्यांनाही मोजता येतं. माझ्याकडे बघत राहिले, मग झोपाळ्याला पाय देऊन पेपर उघडला. चावी मागितली नाही. मी दिली नाही. पदराला बांधलेली आहे. परवा पुढचा वर्ग.