बटण दाबलेलं असेपर्यंत

४ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. मी खुशाल आहे, खोली खुशाल आहे, आणि महिनाभर गळणारा मोरीतला नळही शेवटी ताळ्यावर आला. वहिनींचा गुडघा कसा आहे? व्यायाम करतात की नुसतं "करते, करते" म्हणतात?

परवाच फोन झाला आणि आज लगेच पत्र, म्हणून दचकू नकोस. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी वाक्य सुरू करते, तू संपवतोस. कागदावर मी अडखळत नाही.

तर बातमी अशी की मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलतात त्या रेडिओची, परीक्षा पास झाले. परवाना आला, कॉल साइन, म्हणजे हवेवरची माझी अक्षरा-आकड्यांची ओळख, मिळाली, आणि माझा स्वतःचा डिजिटल हँडसेट आता टेबलावर चार्ज होतोय. मुठीत मावेल एवढा, वर वीतभर अँटेना. जिला "हॅलो" म्हणताना दरदरून घाम फुटतो तिने रेडिओ घेतला, हे वाक्य मीच म्हणून टाकते, म्हणजे तुझ्यासाठी शिल्लक राहणार नाही.

हे खूळ शिरलं आमच्या दुकानातूनच. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ चष्मा करायला आले. जन्मभर खांबांवर चढले म्हणून सगळे त्यांना खांबकाका म्हणतात. डोळे तपासून झाले, नंबर निघाला, तरी ते हलेनात. खिशातून हँडसेट काढून म्हणाले, "पेपर वाचता नाही आला तरी चालेल. ह्याचा पडदा वाचता आला पाहिजे." मालकांनी मला मागच्या खोलीतून बोलावलं. मी पट्टीने त्यांच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि त्या अंतराला बेतून काच घासली. चष्मा न्यायला आले तेव्हा त्यांनी पडद्यावरची ओळ मोठ्यांदा वाचली आणि मला म्हणाले, "शनिवारी दुपारी आमच्या रेडिओच्या वर्गाला या. एवढं नेमकं मोजणारं माणूस आम्हाला हवंच आहे."

मी "मला बोलता येत नाही" असं सांगायला लागले. ते ऐकत उभे राहिले. दादा, ते शेवटपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "आत्ता बोललात की."

परीक्षा लेखी होती, ती सोपी गेली. खरी दमछाक पुढे झाली. डिजिटल रेडिओ पेटीतून काढला आणि बोललो असं नसतं. आधी आपल्या नावावर सात आकडी नंबर घ्यायचा, मग कॉम्प्युटरला केबल जोडून रेडिओत सगळं भरायचं: टेकडीवरचा रिपीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, कुठल्या ग्रुपमध्ये आपल्याला जायचंय. रिपीटर म्हणजे आपला बारीक आवाज उचलून लांबवर फेकणारं यंत्र. तीन दिवस मी बटण दाबत होते आणि हँडसेट नुसता "टूं" करून मला हाकलत होता. शेवटी खांबकाकांनी बघितलं. एक आकडा चुकला होता. एकच्या जागी मी सात भरला होता! काचेत पाव नंबरचा फरक चालवून न घेणारी मी, इथे सरळ सहा घरं पुढे.

आणि मग पोपट. नवशिक्यांसाठी तशी एक सोय आहे: तुम्ही बोलायचं, आणि थोड्या वेळाने ते तुमचंच बोलणं तुम्हाला परत ऐकवतं. मी दार लावून घेतलं, बटण दाबलं, कॉल साइन सांगायला लागले, पहिल्याच अक्षरावर अडकले, कशीबशी सुटले. मग माझाच आवाज परत आला आणि अक्षरशः माझा पोपट झाला. स्वतःला अडकताना मी कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. रडू आलं. मग डोळे पुसून घड्याळ पुढ्यात घेतलं आणि पुन्हा केलं.

चार सेकंद, दादा. मी अडकते ती चार सेकंद. आतून मला वाटायचं, एवढ्यात लोक जेवून हात धुऊन येतील.

तू तुझ्याकडच्या खोलीच्या रंगाचं विचारलं होतंस, फिका पिवळा की आकाशी. त्याबद्दल सवडीने लिहीन. वहिनींना आणि पिल्लाला आठवण सांग.

तुझी,
धाकटी


२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा निरोप पोचला. पिवळा दिला म्हणतोस, आणि खिडकीशी माझ्यासाठी टेबलही करून घेतलंस. पत्र लांबवलं ह्याचं कारण पुढे येईल. आधी गंमत सांगते.

मी हवेवर बोलले. पोपटाशी नाही, माणसांशी.

आठवडाभर नुसती ऐकत होते. कोणी बोलायला लागलं की हँडसेटच्या पडद्यावर त्याचं नाव आणि कॉल साइन उमटते. एक ट्रकचालक आहेत, ते मुक्कामी पोचले की हजेरी लावतात. एक नर्स आहे, ड्यूटी संपवून घरी जाताना बोलते. सगळ्यांचे आवाज थोडे डब्यातून आल्यासारखे, पण स्वच्छ. खांबकाका रोज दुकानात डोकावून विचारायचे, "आज?" मी नाही म्हणून मान हलवायचे.

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मागच्या खोलीत खिडकीशी गेले, बटण दाबलं, परवानगीचा बारीक "टिक" झाला, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. अंगठा मात्र मी उचलला नाही. कॉल साइनचं पहिलं अक्षर निघालं, दुसरं निघालं. सगळं सांगून मी अंगठा उचलला. लगेच नर्सचा आवाज आला, "नमस्कार, आवाज छान येतोय. बरेच दिवस आम्ही सगळे तुमची वाट बघत होतो, काकांनी सांगितलं होतं. सावकाश बोला, मी आता बसमध्ये आहे, उतरायला वेळ आहे."

एवढंच. पण मला त्या दिवशी एक गोष्ट कळली ती तुला सांगायचीच आहे. रेडिओवर ज्याचं बटण दाबलेलं असतं तोच बोलतो. बाकीच्यांनी कितीही मनात आणलं तरी मध्ये तोंड घालता येत नाही. आणि माझा आवाज निघत नसला तरी दुसऱ्यांच्या पडद्यावर माझं नाव उमटलेलं असतं. मी तिथे आहे, हे सगळ्यांना दिसत असतं. चौतीस वर्षांत अशी जागा मला पहिल्यांदा मिळाली.

आता दर रविवारी सकाळी दहाला रेडिओवर सगळ्यांची हजेरी घ्यायची असते. एकेकाला हाक मारायची, ख्यालीखुशाली विचारायची, नोंद ठेवायची. खांबकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून मार्च महिना ती मी घेणार. मागच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "कोण घेईल?" आणि मी हात वर केला. माझा हात वर गेलेला बघून मलाच नवल वाटलं.

तेव्हा रविवारी दहाला फोन करू नकोस. अकरानंतर कर.

आता ते दुसरं. तीन कागद फाडून झाले आहेत, हा चौथा.

आई गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "तू इथे राहायला येतेस ना?" मी "ये" म्हणाले आणि अडकले. तू म्हणालास, "येतेस ना, मला माहीतच होतं. बास, ठरलं." आणि वहिनींना हाक मारलीस. मला "येत नाही" म्हणायचं होतं.

मी लगेच सांगायला हवं होतं. तुझ्या आवाजात इतका आनंद होता की धीर झाला नाही, आणि मग तू रंगारी आणलास, आणि रोज ते आणखी अवघड होत गेलं. चूक तुझी अर्धी, माझी अर्धी. खरं तर माझी जास्त, कारण चार सेकंदांनंतर माझं तोंड मोकळं होतं आणि तरी मी गप्प बसले.

लिहितेच आहे तर जुनंही लिहून टाकते. दुकानात कामाला लागले त्या दिवशी तू सोबत आला होतास. मालकांनी विचारलं, "पुढे काउंटरला बसणार की मागे काचा घासणार?" मी "पु" म्हणाले. तू म्हणालास, "मागेच बरं तिला, लोकांशी बोलायला नको." तू मला जपत होतास, ते मला तेव्हाही कळत होतं. पण मला "पुढे" म्हणायचं होतं. आज विचारलं तर मी मागेच राहीन, काचेचं काम मला आवडतं, माझ्या हाताला चांगलं येतं. फक्त ते माझं मला सांगू दे.

मी येत नाही, दादा. माझी खोली, माझं काम, माझी माणसं इथे आहेत. तू रागावशील. रागाव. पण माझ्यावर दया येऊन रागावू नकोस.

तुझीच,
धाकटी


१७ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल अशी आशा. काल तुमचा फोन आला, "हे तुझ्याकडून आल्यापासून गप्प गप्प आहेत, झालं तरी काय?" म्हणालात. फोनवर सगळं सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे, माझ्या पत्रानंतर दादाने पंधरा दिवस फोन केला नाही. मी दोनदा केला, दोनदा तुम्ही घेतलात. मग परवा रविवारी, दहाला पाच कमी असताना, दार वाजलं. उघडलं तर दादा. पहाटेच्या गाडीने आलेला, हातात पिशवी, चेहरा असा की आत्ता ओरडेल.

"हे काय लिहिलंस?" तो दारातूनच म्हणाला. "तुझ्यासाठी मी खोली केली. लोकांना सांगितलं. आणि तू म्हणतेस मी तुझं तोंड बंद केलं?"

मी म्हटलं, "दा... दादा, हजेरीची वेळ झाली. आत ये. अकराला भांडू."

त्याला काय करावं सुचेना. तो आत आला आणि पलंगाच्या कडेवर पिशवीसकट बसला. मी वही उघडली, हँडसेट उचलला आणि बटण दाबलं.

खरं सांगते वहिनी, दोन रविवार मी ही हजेरी बिनधास्त घेतली होती, पण तेव्हा खोलीत दादा नव्हता. पहिल्याच नावाला अडकले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, दादाचे ओठ हलले. त्याने वहीत वाकून नाव वाचलं होतं आणि तो ते म्हणणारच होता. मी दुसरा हात वर केला, वाहतूक पोलीस करतो तसा. तो थांबला. नाव निघालं. पलीकडून ट्रकचालक म्हणाले, "हजर! घाटाखाली आहे, चाक बदलतोय."

एकवीस जण आले त्या दिवशी. एकवीस नावं, एकवीस चौकशा. सहा ठिकाणी अडकले, एका ठिकाणी चांगलीच. एकाचा आवाज तुटत होता, त्याला मी घरातून अंगणात जाऊन बोलायला सांगितलं. एक नवी मुलगी घाबरून नुसतं बटण दाबून सोडत होती. तिला म्हटलं, "दाब, एक श्वास घे, मग बोल. कोणाला घाई नाही." पन्नास मिनिटं झाली. मी सगळ्यांचे आभार मानून बंद केलं, आणि भांडायला तयार होऊन दादाकडे वळले.

तो भांडला नाही. मी चहा टाकला, आम्ही चहा प्यालो. त्याने नळ सोडून बघितला, खिडकीची कडी बघितली, कुठे काही दुरुस्त करायचं आहे का ते शोधत होता. काही सापडलं नाही.

मग निघताना, दारात, चप्पल घालून तो थांबला. म्हणाला, "मी..." आणि पुढे त्याला येईना. दादाला, वहिनी! ज्याला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही त्याला. मला वाटलं, माफी मागतोय. माझ्या जिभेवर आलंच होतं, "असू दे रे, चुकून होतं." मी ते गिळलं आणि उभी राहिले. चार सेकंद नाही, चांगला मिनिटभर.

आणि तो माफीचं बोललाच नाही. म्हणाला, "मी तुला सांभाळायला बोलावत नव्हतो. आई गेल्यापासून घरी आलो की मला कुणाशी काय बोलावं तेच कळत नाही. आईशी मी तुझ्याबद्दल बोलायचो. तू आलीस तर आईबद्दल बोलता येईल, असं वाटलं होतं."

मी मध्ये बोलले असते तर हे त्याच्या पोटातच राहिलं असतं. चौतीस वर्षं मी त्याला ऐकलं, आणि हे मला माहीत नव्हतं.

मग आम्ही पायरीवरच बसलो. त्याची दुपारची गाडी चुकली. आई रागावली की भांडी कशी आपटायची, त्याची नक्कल त्याने केली. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

म्हणून तो गप्प आहे. रागाने नाही. तुमच्याशीही त्याला हे बोलायचं असेल, आणि कुठून सुरू करावं हे कळत नसेल. जेवताना, दिवा लावताना, कधीतरी तो "मी..." म्हणून थांबेल. तेव्हा हातातलं काम ठेवा आणि थांबा. आणि ह्या पत्रातलं त्याला काही सांगू नका. तो बोलेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकताय, असं ऐका.

तुमची,
नणंद