तडतड ओसरल्यावर

६ मे २००७, रविवार. बिशान, सिंगापूर

पाण्याची मोटर बंद केली. दूध तापवून त्यावर ताटली ठेवली. खलबत्त्यात लसूण ठेचला, पाच घाव. कढईत तेल तापल्यावर मोहरी टाकली, ती तडतडायला लागली. तेव्हा सव्वासात वाजले होते. रोज करते तेवढंच त्या दिवशीही करत होते. हे गेले ती सकाळ. दहा महिने झाले, तरी वही उघडली की हात आधी हेच लिहितो. लिहून झालं. आता आजचं.

काल सिंगापूरला पोचले. क्षिप्रा विमानतळावर आली होती. माझी बॅग उचलून म्हणाली, यात दगड भरलेस की काय. म्हटलं, दगड नाही, लोखंड. साताऱ्याहून खलबत्ता आणलाय. ट्रॉलीवर डोकं टेकून हसली. माझ्या पोरीला हसताना पाहून बरं वाटलं.

तिचा भाड्याचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, लख्ख स्वयंपाकघर, खिडकीतून खाली इथली लोकल, एमआरटी, जाताना दिसते. समुद्र कुठूनच दिसत नाही. समुद्राचा अभ्यास करतेस आणि घरातून समुद्र नाही, असं विचारलं, तर म्हणाली की समुद्र कामावर असतो, तो घरी कशाला आणायचा. शेजारच्या मिसेस टॅन लिफ्टपाशी भेटल्या. जेवलीस का, असं विचारून माझं उत्तर यायच्या आत स्वतःच "गुड, गुड" म्हणाल्या. मला इथे आवडेल असं वाटतं.

९ मे, बुधवार

क्षिप्रा इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे. दक्षिणेकडच्या एका लहान बेटाजवळ पोवळी आहेत. समुद्र तापत चाललाय, त्याचं तिथल्या जिवांना काय होतं ते ती बघते. मी इथल्या लायब्ररीतून पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवून वाचते. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की पोवळी पांढरी पडतात आणि उपासमारीने मरतात, एवढं दोन दिवसांत कळलं.

दर आठवड्याला ती पाण्यात माईक सोडून ठेवते. पोवळ्यांच्या कपारींत बोटाएवढी कोळंबी राहते, ती एका नांगीने टिचकी वाजवते. अशा हजारो. क्षिप्राने हेडफोन माझ्या कानांना लावले आणि मी हसलेच. मोहरी! तेल तापल्यावरची मोहरी, तीच तडतड.

टिचक्या कॉम्प्युटर मोजतो. पण त्यांच्याखालचे बाकीचे आवाज, होडी, नांगर, एखादा मासा, हे कुणीतरी ऐकून लिहावे लागतात. क्षिप्रा म्हणाली, बाहेरच्या खोलीत बसून कुकरमध्ये काय शिजतंय ते सांगायचीस, आता त्या कानांना जरा कामाला लाव. मला गुंतवून ठेवायचा बेत आहे, तो मला कळतो. पण तक्ता खरा आहे. वेळ, आवाज, शेरा, आणि खाली ऐकणाऱ्याची सही. आयुष्यात माझ्या सहीला पहिल्यांदा असा काही अर्थ आला.

१४ मे, सोमवार

क्षिप्रा सातच्या आत जाते, संध्याकाळी साडेसातला येते. मधले बारा तास माझे. एका माणसाचा भात किती कमी लागतो, ते अजून हाताला कळत नाही, रोज उरतो.

आज पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. सकाळी सातच्या सुमाराला बारीक घरघर, मग "टक्", मग बंद. तक्त्यात "होडी" लिहिलं. आमच्या मोटरचं बटण अस्संच वाजायचं.

२१ मे, सोमवार

सात वाजून पाच मिनिटांनी भांड्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. धातूवर धातू, कडेने थोडा घसरलेला. मी "माहीत नाही" लिहिलं. क्षिप्रा म्हणाली, कुणाची तरी बोट असेल.

तिचं लक्ष दुसरीकडे आहे. तडतड कमी होतेय. पाणी तापलं की कोळंबी उलट जास्त वाजते, असं तिची पुस्तकं सांगतात. तिच्या जागेवर मात्र आवाज ओसरत चाललाय आणि पोवळी पांढरी पडताहेत. जेवतानाही आकडेच चाळत होती. मी ताटलीबद्दल काही सांगितलं नाही.

२९ मे, मंगळवार

पाच घाव. चौथा जरा हलका.

क्षिप्राला दाखवलं. नांगराची साखळी असेल, म्हणाली. मी "नांगर" लिहून सही केली. मग स्वयंपाकघरात जाऊन खलबत्त्यात नुसताच बत्ता आपटून पाहिला. पाचदा. माझा चौथा हलकाच पडतो.

मोटर, ताटली, लसूण. त्याच क्रमाने.

आता लिहिलंच पाहिजे. क्षिप्राने मला एकदाच विचारलं होतं, बाबा शेवटी काही म्हणाले का. मी सांगितलं, झोपेतच गेले. ते खोटं आहे. मोहरी तडतडत असताना आतून ह्यांची हाक आली होती. मला ऐकू आली होती. फोडणी करपेल म्हणून मी "आले हं" म्हटलं. भाजी घातली, परतली, झाकण ठेवलं, हात धुतले. मग आत गेले. तोवर सगळं संपलं होतं.

तिला हे कधीही कळता कामा नये. तिला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला तिच्याशिवाय.

५ जून, मंगळवार

तडतड फारच विरळ. मधल्या मोकळ्या जागांत, सव्वासातला, खाली काहीतरी आहे. शब्द नाहीत. पण पुरुषाचा —

शेरा: काही नाही. सही केली.

दुपारी मिसेस टॅनच्या दारापर्यंत गेले. काय सांगणार? परत आले.

८ जून, शुक्रवार

तेच पुन्हा ऐकलं. शब्द आहेत.

क्षिप्राने संध्याकाळी तक्ते चाळले. कॉम्प्युटरला सव्वासातला काहीतरी दिसतंय, माझ्या तक्त्यात "काही नाही" आहे.

"आई, तू इथे काहीच कसं ऐकलं नाहीस?"

कान म्हातारे झाले, म्हटलं. रविवारी ती स्वतः ऐकणार आहे.

९ जून, शनिवार

ती प्रयोगशाळेत गेली. मी पुन्हा लावलं. पुसून टाकायचं होतं — कसं पुसतात, मला येत नाही.

चार-पाच टिचक्या. मग शांत. मग अगदी जवळून, पाण्यातून:

"अगं, जरा येतेस का?"

आणि त्यावर एका बाईचा आवाज. कंटाळलेला. माझा.

"आले हं."

झाकण. नळ. हात धुतल्याचा आवाज.

मग पावलं यायला हवीत. मी वाट पाहिली. रेकॉर्डिंग संपेपर्यंत वाट पाहिली. कुणी आलं नाही. तिथे कुणी गेलंच नाही — ते अजून —

१० जून, रविवार

आज सकाळी मी दूध तापवलं, ताटली ठेवली. लसूण ठेचला. तेल तापलं, धूर निघाला, मोहरी टाकली. तडतडली नाही. उकळत्या तेलात काळे दाणे गप्प.

खोलीतून हाक आली. ह्यांचेच शब्द. आवाज कुणाचा, ते ऐकायला थांबले नाही. "आले" म्हटलं नाही. गॅस बंद केला आणि गेले.

पलंगावर क्षिप्रा होती. कानांवर हेडफोन, गाल ओले. मी हेडफोन काढले आणि सांगितलं: मला ऐकू आलं होतं. तेव्हाच आलं होतं. तिने माझा हात धरला, घट्ट. ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतेय. हात सोडत नाही, म्हणून एका हाताने लिहितेय.

स्वयंपाकघरात मोहरी तडतडायला लागली. गॅस मी बंद केला होता, नक्की केला होता.

तिथून माझ्याच आवाजात बाई म्हणाली, आले हं.

झाकण.

नळ —

बंद झाला. आता पावलं. येतेय. मी इथे आहे, तर मग ती को