मळखाऊ

१९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आईला माझा नमस्कार सांग, आणि तिला पटत असेल तर हेही सांग की मी तिची थोरली.

आईच्या वाढदिवसाचा फोटो मिळाला. आई छान दिसते आहे. आमच्या कपड्यांच्या दुकानातल्या मुलींना दाखवला, तर एकीने विचारलं की आजींच्या शेजारी उभ्या आहेत त्या त्यांच्या बहीण का. ती माझी बहीण आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे हे सांगायचं माझ्या अगदी जिवावर आलं. अगं, तो तपकिरी स्वेटर मी कॉलेजात असताना घेतला होता! त्याला आता पेन्शनीत काढ.

रागावू नकोस. दिवसभर मी परक्या बायकांना कपाट कसं राखावं ते सांगते आणि सख्खी बहीण अशी. म्हणून तुला फुकट सल्ला: थंडी तोंडावर आहे, तर एका रविवारी कपाट पुरतं पलंगावर रिकामं कर. गेल्या दोन थंड्यांत जे अंगाला लागलं नाही ते बाहेर. जे अंगावर चढवताना आरशात बघावंसं वाटत नाही तेही बाहेर, मग ते कितीही धडधाकट असो. उरेल ते एकमेकांशी जुळणारं असावं, म्हणजे सकाळी विचार करावा लागत नाही. आणि एक, फक्त एक, चांगला कोट घे.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण आई शेजारी बसून ऐकते आणि मग तासभर कोणाचा फोन होता म्हणून विचारत राहते, असं तूच म्हणालीस. म्हणून पत्र. प्रकृतीला जप. ऋतू बदलला तरी लोभ बदलू नकोस.

तुझी,
ताई


३ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उंटावरून शेळ्या हाकणं तुला चांगलं जमतं. तरी तुझं ऐकलं.

रविवारी कपाट काढलं. एकूण चौतीस नग निघाले. मोजायचं कारण असं की त्यातले सव्वीस तुझे होते. तुझ्या मुलाखतीचा स्कर्ट, तुझा राखाडी सदरा, तुझं पहिल्या नोकरीतलं जाकीट, सगळं आईने कुठे आत घेऊन, कुठे उसवून माझ्या मापाचं केलेलं. आणि सगळ्यांचे रंग तेच, तपकिरी, राखाडी, मातकट. आठवतं ना, आई म्हणायची, पोरींना मळखाऊ रंग बरे, धुणं कमी पडतं. त्या ढिगाकडे बघून मला हसू आलं आणि मग जरा बसावंसं वाटलं.

मी बाहेरचा ढीग करत होते आणि आई पलीकडून एकेक कपडा उचलून, घडी घालून, परत आत ठेवत होती. तीनदा तसं झाल्यावर मी हात टेकले आणि तिला खिडकीशी बसवलं. तुझा स्वेटर मात्र दुपारच्या बाईंनी मागून घेतला. मी दातांच्या दवाखान्यात असते तोवर त्याच आईजवळ बसतात. त्या म्हणाल्या, थंडीचा ऊबदार आहे, टाकता कशाला. दिला.

कोट घेतला. राखाडी. तू हसशील, पण हात तिकडेच गेला.

आरशाचं म्हणशील तर मला सकाळी आरशात बघायला वेळ नसतो. पाचला उठायचं, आईची अंघोळ, तिचे केस, तिची औषधं, मग दिवसभर टेबलाशी बसून लोकांना सांगायचं की डॉक्टर अजून दहा मिनिटांत घेतील. घरी आलं की परत पहिल्यापासून. मला कपड्यांची नाही, झोपेची हौस आहे गं.

बाकी ठीक. तिकडची थंडी सोसत असेल तर आमचीही आठवण असू दे.

तुझी,
धाकटी


१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. शाबास! सव्वीस माझे होते हे वाचून ओशाळले खरी, पण गेले ते बरं झालं. कोट घालून फोटो पाठव. आईला कोट आवडला का? टाक्याटाक्याची उलटतपासणी केली असेल तिने. मला रजा मिळेल असं दिसत नाही, मोसमाचे दिवस आहेत. दोन वर्षं झाली ना? लाज वाटते. दुकानात उभी असले तरी जीव तिकडे आहे, हे खरं मान.

तुझी,
ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोटो पाठवत नाही. काय झालं ते नीट सांगते, म्हणजे परत विचारू नकोस.

आई मला ओळखत नाही. कोट घालून पहिल्या दिवशी घरी आले, तर तिने दारातच सांगितलं की दुकान बंद झालंय, कपडा उद्या घेऊन या. मला वाटलं गंमत करते. कोट काढला, तर आत नवा सदरा. पुन्हा तेच, अहो जाहो करत. आज तीन आठवडे झाले, मी तिच्यासाठी गिऱ्हाईक आहे. आणि दुपारच्या बाई तो तपकिरी स्वेटर घालून आल्या की ती त्यांचा हात धरते, त्यांना धाकटे म्हणते, दमलीस का विचारते.

तुला आठवत असेल, तिच्या शिवणाच्या दुकानात आईने कधी कोणाचं नाव लिहून घेतलं नाही. दुरुस्तीला आलेल्या कपड्याला टाचणीने चिठ्ठी लावायची आणि तीवर कपडा आणि अंग एवढंच लिहायचं. ‘हिरव्या कोटवाले, पाठीला बाक.’ ‘निळा सदरा, पोट सुटलेलं.’ आपण दोघी वाचून फिदीफिदी हसायचो. आता तिच्या डोक्यात तेवढ्याच चिठ्ठ्या उरल्या आहेत बहुतेक. माझ्या चिठ्ठीवर ‘तपकिरी स्वेटर’ असं लिहिलेलं आहे.

बाई बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या, स्वेटर काढून द्यायला निघाल्या. एका संध्याकाळी मी तो घालून बघितला. आई लगेच म्हणाली, धाकटे, किती गं उशीर केलास. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. दुसऱ्या दिवशी स्वेटर बाईंना परत दिला.

आता मला खूप कंटाळा आलाय. उत्तराची घाई नाही.

धाकटी


२ डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. पत्र दोनदा वाचलं. चूक माझी आहे. पण तू स्वेटर परत का दिलास? हा कसला हट्ट? बाईंना दुसरा घेऊन दे, मी पाठवते. आणि तू तो घाल. घरात कोण बघतंय? एक स्वेटर घातला की आईला तिची मुलगी मिळते, यात तुझं काय जातं?

ताई


११ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. माझं काय जातं असं विचारलंस, म्हणून सांगते.

आई सुखात आहे. दुपारी तिला धाकटी भेटते, संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, दोन्हीत ती रमते. तिच्यासाठी असतं तर मन मारून घातला असता. पण चाळीस वर्षं मी तुझे कपडे घालत आले. आईने ते मापाचे करून दिले आणि मीही मुकाट त्यांत मावले. आता शेवटी तिने ओळखायचं तर तुझ्या स्वेटरला ओळखायचं, आणि आतल्या मला म्हणायचं, उद्या या? तिने मला ओळखावं गं ताई. एकदा. मला. एवढंच हवंय आणि तेच होणार नाही, हे मलाही कळतं.

तू दोन वर्षांत एकदाही आली नाहीस. आलीस तर तुला ती ओळखणार नाही याची तुला भीती वाटते, हे मला माहीत आहे. मी तुला कधी बोलले नाही. आज बोलले. राग धरू नकोस, आणि धरलास तर तोही कळव.

धाकटी


२१ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार?

काल बाईंची सुट्टी होती. मी कोट घालून बाहेर निघाले होते, तर आईने मला थांबवलं. म्हणाली की हा कोट कोणी शिवलाय, खांदा बघा कसा पडलाय, उभ्या राहा. गळ्यात मापाची टेप असतेच तिच्या, झोपतानाही काढू देत नाही. मी कोट उतरवून उभी राहिले. औषधाची पट्टीही फोडू न शकणारी तिची बोटं, पण टेप हातात आली की थरथर थांबते. पाठ झाली, उजवा खांदा झाला. डाव्या खांद्यावर हात थांबला. तिने पुन्हा माप घेतलं. मग टेप सोडून नुसत्या तळव्याने चाचपलं.

म्हणाली, डावा अर्धा इंच खाली आहे तुमचा. माझ्या धाकटीचा असाच आहे. लहानपणी तयार कपड्यांची गाठोडी घरोघर तीच पोचवायची, डाव्या खांद्यावरून. कधी कुरकुर नाही केली. थोरली हट्टी, तिला नवं शिवावं लागायचं. हिला म्हटलं हे घाल, तर घालायची. ती काही मागत नाही म्हणून मी विचारलं नाही, असं म्हणाली. मग म्हणाली की दिसली कुठे तर सांगा तिला, त्या स्वेटरची कोपरं विरलीत, टाकून दे म्हणावं.

मी खांबासारखी उभी. तिने मला ओळखलं नाही ताई, शेवटपर्यंत अहो जाहोच केलं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं माप घेतलं, तुझ्या कपड्याचं नाही. माझा तो खांदा अजून ऊन आहे असं वाटतं.

मग तिने पेन्सिल मागितली आणि चिठ्ठी लिहून माझ्या सदऱ्याला टोचली. गुरुवारी या म्हणाली. तीच चिठ्ठी सोबत पाठवते आहे, सांभाळ.

‘राखाडी कोटवाल्या बाई. डावा खांदा अर्धा इंच खाली, आपल्या धाकटीसारखा. जुन्यातून काढू नये. नवीन कापड.’

धाकटी


३० डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. राग धरला नव्हता. तुझ्या आधीच्या पत्राला चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. तुझा शब्द न् शब्द खरा आहे.

चिठ्ठी मिळाली. काल ती घेऊन मालकांसमोर उभी राहिले आणि आठ दिवसांची रजा मागितली. मोसम आहे म्हणाले. मी म्हटलं, असू दे. नऊ तारखेला पोचते. आईने मला ओळखलं नाही तर मीही गिऱ्हाईक. रांगेत तुझ्या मागे उभी राहीन, एकदा तरी.

कापड मी आणते. बेतीन मी, शिवीन मी, आणि आईला शेजारी बसवू, म्हणजे चुका काढायला कोणीतरी हवं. कापडाच्या विभागात गेले होते. हात सवयीने तपकिरी ताग्याकडे गेला, तोच तिथल्या माणसाने विचारलं की ज्यांच्यासाठी घेताय त्यांना कोणता रंग आवडतो. धाकटे, रोज चाळीस बायकांना मी सांगते की तुम्हाला कोणता रंग खुलेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तुला कोणता आवडतो ते मला माहीत नाही. मी तशीच परत आले. लगेच कळव.

लोभाची मागणी मी कुठल्या तोंडाने करू? तूच ठरव.

तुझी,
ताई


३ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. लोभ आहेच. ये.

पिवळा. मळतो, माहीत आहे. मळू दे.

तुझी,
धाकटी