कोऱ्या फॉर्मवरची सही

१४ जानेवारी
संक्रांत. अंगणवाडीत पोरांना तिळाचे लाडू वाटले. आलेल्या आया सगळ्या शाली-स्वेटरात आणि मी पदराने वारा घेतेय. मदतनीस कमलाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमाले आताच उनाळा लागला का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मानेवरून घामाची धार, पाच मिनिटांनी हुडहुडी. पिशवीतल्या गाठीच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, पाळीचा पत्ता नाही. ताई म्हणते इंजेक्शन दिलंय, सहा महिने यायची नाही, उगाच डोकं चालवू नको. ती अमरावतीला त्याच दवाखान्यात नर्स आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सोडून दिलं.

१९ जाने.
सकाळी दोन तास पानमळ्यात. ऑपरेशनच्या आधी महिन्यातले बारा-पंधरा दिवस मी फाटकाबाहेरच असायची. पाळी थांबायचीच नाही, आणि पाळीतल्या बाईने पानवेलीजवळ जायचं नाही हा इथला नेम. आमच्या अंजनगावात चप्पलसुद्धा मळ्याबाहेर काढतात, तिथे बाईचं काय घेऊन बसलात. आता रोज आत. हे खूश. शेजारच्या मळेवाल्याला सांगत होते, "आता मजुरीन पाहा लागत नाई. घरची बाई बाराही महिने हाये."
ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२७ जाने.
गुडघे. बोटांचे सांधे. पोषण आहाराचं रजिस्टर भरताना पेन धरवेना. यांच्यावर विनाकारण खेकसले, नंतर वाईट वाटलं.
पल्लवीचा फोन. "आई, अकोल्याले ये. माझ्या कॉलेजजवळ चांगली लेडी डॉक्टर हाये. मावशीले विचारत नोको बसू." कृषी विद्यापीठात गेल्यापासून पोरीची जीभ फार चालते.
हे म्हणाले, "कायले अकोला? शोभाताई हाये ना अमरावतीले." जेवताना परत तेच. मग मात्र मी हट्टाला पेटले.

४ फेब्रुवारी, अकोला
अकोटवरून बसने. पल्लवी स्टँडवर आली होती.
सोनोग्राफी. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. "पिशवी कधी काढली?"
म्हटलं, पिशवी नाही, गाठ.
त्यांनी परत फिरवून पाहिलं. "पिशवी नाहीये. अंडाशयही दिसत नाहीत दोन्ही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"
पल्लवी खुर्चीतून उठली. मी खाली उतरून साडी नेसत बसले. निऱ्या तीनदा घातल्या.
एकेचाळिसावं वर्ष. घाम, सांधे, चिडचिड, सगळं त्याचंच म्हणे. हाडं जपायला हवीत. ऑपरेशनची फाइल आणा म्हणाल्या. फाइल घरी नाही. हे म्हणाले होते की दवाखान्यातच जमा राहते.
स्टँडवर चहा घेतला. पल्लवी रडली. मला रडू आलं नाही. घरी कोणाला सांगू नको म्हणून तिला बजावलं.

५ फेब्रु.
आज दिवसभर आई डोळ्यांपुढे. तिची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली. पंचेचाळिशीत कंबरेत वाकली, पाण्याचा गुंड उचलवेना. आम्ही दोघी बहिणी तिचे पाय चेपायचो. तेव्हा ताईच म्हणाली होती, "आपन नाई काढू द्याची वं कोनाले." मी विसरले नाही. रक्त सहावर आलं तेव्हाही ताईला एवढंच सांगितलं होतं, गाठ काढा, पिशवीला हात लावू देऊ नको. दुसऱ्या कोणाला नाही सांगितलं, तिलाच.
"मी हाये ना," म्हणाली होती.

१० फेब्रु., अमरावती
ताईची सुटी बघून दवाखान्यात गेले. चोरासारखी. रेकॉर्डच्या खिडकीवर अर्ज दिला, दोन तास बसले, झेरॉक्स मिळाली.
संमतीपत्र. खाली माझी सही. माझीच.
मग आठवलं. ऑपरेशनच्या सकाळी ताईने फॉर्म पुढे धरला, कोरा. "सही कर. मी भरतो मांगून, डॉक्टर घाई करून राहिले." तिथे तसंच चालतं, सगळ्याच बायांच्या आधी सह्या घेतात. आणि मी दर बैठकीत गावातल्या बायांना सांगते, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका! मी काय वाचणार होते? वाचण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं. आणि फॉर्म ताईच्या हातात होता.
वर निळ्या शाईत: गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढण्यास माझी पूर्ण संमती आहे. अक्षर ताईचं. तिच्या पाटीवर गिरवून मी लिहायला शिकले, मला ते कुठेही ओळखू येईल.
नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी.

तिथून तशीच ताईकडे. ती वरणाला फोडणी देत होती. कागद ओट्यावर ठेवला. तिने हात पुसले, वाचला नाही.
"मेली असती तू. सहा रक्त होतं. गाठी परत झाल्या असत्या तं परत पोट फाडाचं का?"
"मले काहून नाई विचारलं?"
"तू नाई म्हटलं असतं."
इतकं सहज म्हणाली. मी नाही म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.
"अन् पल्लूच्या बाबाले माहीत होतं?"
तिने गॅस बंद केला. "त्यायलेच विचार."
जेवून जा म्हणाली. नाही थांबले. बसमध्ये रडले तेव्हा ताईसाठीच रडले. पोट दुखत नव्हतं, सख्खी बहीण दुखत होती.

१८ फेब्रु.
घरी काही बोलले नाही. आठ दिवस यांच्याकडे बघतेय. त्यांनी आज विचारलं, "अकोल्याची डॉक्टर काय म्हने?" म्हटलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. "मंग ठीक हाये," म्हणाले आणि भाकरी मोडली. ठीक आहे म्हणजे काय ठीक आहे?
पल्लवी मागे लागलीय, तक्रार कर. केली तर आधी ताईची नोकरी जाईल. तिच्या घरात ती एकटी कमावते. डॉक्टरचं काय होईल, देव जाणे. माझी पिशवी तर कोणीच परत आणून देणार नाही.

२३ फेब्रु.
आज मोठी खुडणी, दुपारी पानं गाडीत भरायची होती. मळ्याच्या फाटकापर्यंत गेले. चप्पल काढली नाही.
हे आतून, "चाल ना, उशीर होऊन राहिला."
म्हटलं, "मले येता येत नाई. पाळी आली."
करंडी त्यांच्या हातात तशीच. "कशी येईल?"
एवढंच. मग त्यांचं त्यांनाच कळलं.
"काहून? बायायले येत नसते का?"
वेलींकडे बघत म्हणाले, "शोभाताई म्हने का तुले सांगाचं नाई… तुयाच भल्यासाठी… अन् मळ्यालेही मानूस…"
वीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला आज कळला. फाटकाबाहेर दगडावर बसून राहिले. त्यांनी एकट्याने खुडलं. गाडी अर्धीच भरून गेली.

२६ फेब्रु.
चौथा दिवस फाटकाबाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया विचारतात, "किती दिवस वं बापा?" मी सांगते, "पहिल्यासारखीच हाये, थांबतच नाई." हे आत ऐकतात आणि खुडत राहतात. खरं कोणत्या तोंडाने सांगतील!

तक्रारीचा अर्ज लिहिला. पल्लवीने फोनवर पाठवलेला मसुदा नाही, माझ्या शब्दांत, माझ्या अक्षरात. तिसऱ्या ओळीत ताईचं पूर्ण नाव आहे. लिहिताना पेन एकदा खाली ठेवलं, पण लिहिलं. सकाळपासून दोनदा वाचला. मजकूर सगळा भरलाय, फक्त खालची सहीची जागा कोरी आहे.
ताईचा फोन तीनदा येऊन गेला. आता परत वाजतोय.